बांगडीएवढा भंडारा

आमच्या मोठ्या बाबूजींचा आवाज ज्यानं ऐकला नाही असा माणूस भंडाऱ्यात सापडणं कठीण. तो एकतर कानानं अधू असेल, नाहीतर आयुष्यात कधी एस.टी.त बसला नसेल. ते माझ्या वडिलांचे थोरले भाऊ; आम्ही सगळे एकाच घरात राहायचो. नाव गोविंदराव, पण आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणं आम्ही त्यांना मोठे बाबूजी म्हणायचो आणि त्यांच्या बायकोला मोठी आई. बसस्थानकावरच्या चौकशीच्या खिडकीत त्यांची जवळजवळ सगळी नोकरी गेली. "अड्याळ, कोंढामार्गे पवनीला जाणारी गाडी फलाटावर लागलेली आहे," हे ते असं काही म्हणायचे की कोंढ्याला ज्याचं काही काम नाही त्यालाही आपण जाऊन यावं असं वाटावं. माईकवर त्यांची भाषा छापील असायची. बटण बंद केलं की त्याच तोंडानं शेजारच्याला म्हणायचे, "अबे, चहा सांगतला का नाही?"

त्या खिडकीनं त्यांना एक सवय लावली होती. समोर कोणीही आलं की पहिला प्रश्न ठरलेला, "कुठं जायचं?" पाण्याचा नळ कुठं आहे हे विचारणाऱ्यालाही ते आधी हाच प्रश्न विचारत. निवृत्त झाल्यावरही ती सवय गेली नाही. माझ्या लग्नात बोहल्यावर अक्षता टाकायला आले, माझ्याकडे पाहून थांबले आणि म्हणाले, "मग? कुठं जायचं?" मी म्हटलं, "आता कुठं जातो मोठे बाबूजी, अडकलो न." सविता, म्हणजे माझी बायको, आंतरपाटापलीकडून हसलेली मला ऐकू आली होती.

दुसरी सवय म्हणजे त्यांच्या सगळ्या ज्ञानाचा उगम एकच असायचा. "एका पॅसेंजरनं सांगतलं." वाघ झाडावर का चढत नाही, दिल्लीत पाणी कुठून येतं, आंबाडीच्या भाजीनं काय होतं, सगळं एका पॅसेंजरनं सांगितलेलं. यातलं निम्मं चूक असायचं आणि उरलेलं निम्मं त्यांनी स्वतः घातलेलं. कोणी पकडलं तर ते जराही ओशाळत नसत. "मी थोडी म्हणतो. त्यानं सांगतलं," म्हणून मोकळे व्हायचे आणि उकडलेला शिंगाडा सोलायला घ्यायचे. हिवाळ्यात त्यांच्या सदऱ्याच्या खिशात नेहमी शिंगाडे असत. धुणं धुताना मोठी आई आधी खिसे उलटे करायची.

दुसऱ्यांना गाड्या सांगता सांगता त्यांना स्वतःलाही फिरण्याचा नाद लागला होता. डेपोतल्या चारपाच मित्रांबरोबर दरवर्षी ते कुठंतरी जात. रामेश्वर, द्वारका, वैष्णोदेवी. प्रत्येक ठिकाणी फोटो काढून घेत आणि तो चौकटीत घालून बाहेरच्या खोलीत लावत. परत आले की आम्हा सगळ्यांना बसवून सांगत. मोठी आई तांदूळ निवडता निवडता ऐकायची. ती कधी गेली नाही. आधी सासू अंथरुणावर होती, मग मुलीची, सुनंदाची, शाळा होती, मग सुनंदाची बाळंतपणं. मोठे बाबूजी दर वेळी म्हणायचे, "सुनंदाची माय, पुढच्या खेपेला तुले नेतो." ती म्हणायची, "हो नं. तोवर हे खडे संपवतो मी."

ती कोंढ्याजवळच्या एका खेड्यातून लग्न होऊन आली. तिला भंडारा माहीत होता तो घर, बाजार, देऊळ आणि दवाखाना एवढा. बाजारातही पितळेच्या भांड्यांची एकच दुकानओळ आणि भाजीचा एकच कोपरा. बाकी गाव तिनं आमच्या बोलण्यातून ऐकलेलं.

मग तिच्या डोळ्यांचं झालं.

ती म्हणायची, दिव्याभोवती रंगीत कडं दिसते. दाराच्या चौकटीवर खांदा आपटायचा. वाढताना पानाच्या बाहेर भाजी पडायची. मोठे बाबूजी म्हणाले, चष्म्याचा नंबर वाढला असन. तेव्हा त्यांचं जगन्नाथपुरीला जायचं ठरलेलं होतं. "पुरीहून आलो का नागपूरले दाखवू," ते म्हणाले. पुरीहून आले. मग धानाची कापणी आली, मग सुनंदाच्या घरचं लग्न आलं. मोठी आईनं पुन्हा विषय काढला नाही असं नाही, काढला. त्यांनी बाजारातून एक तयार चष्मा आणून दिला. तो घालून ती काही दिवस वावरली. मग एका दुपारी गल्लीत बाजूनं आलेली सायकल तिला दिसलीच नाही.

हाताला खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. पण त्या वेळी मी बरोबर होतो, आणि सायकल तिच्या अगदी जवळून, उजेडात आली होती. मी घरी येऊन सांगितलं. दुसऱ्याच दिवशी आम्ही तिघं नागपूरला गेलो.

डॉक्टर तरुण होत्या. त्यांनी बराच वेळ तपासलं आणि सांगितलं की काचबिंदू आहे, दोन्ही डोळ्यांत. जी नजर गेली ती परत येत नाही; आहे ती थेंबांनी जितकी टिकेल तितकी टिकवायची. मोठ्या बाबूजींनी विचारलं, "आंधी आणलं असतं तं?" डॉक्टर म्हणाल्या, "आधी आणलं असतं तर बरीच वाचली असती." रागावून नाही, सहज. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मला मोठ्या बाबूजींकडे पाहून वाटलं. त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली, पुन्हा काढली.

येताना मोठी आईला खिडकी दिली होती. मोठे बाबूजी तिच्या शेजारी, मी मागं. भंडाऱ्याच्या अलीकडचं शहापूर आलं तेव्हा तिनं विचारलं, "हे काय आलं जी?"

"शहापूर."

"असं हाय का शहापूर." ती मान हळूहळू फिरवत बाहेर पाहत होती. एका वेळी तिला थोडंच दिसायचं. तिनं हातातली एक काचेची बांगडी सरकवून काढली आणि डोळ्यापुढं धरली. "असं दिसते मले. बांगडीतून पाहिल्यावानी. मधातलं साफ, बाकी काहीच नाही." मग हसून म्हणाली, "शहापूर पाहिलं. आता भंडारा तेवढा पाहाचा राहिला."

ती थट्टेनंच बोलली होती. पण मला मागून मोठ्या बाबूजींची मान दिसत होती, आणि भंडारा येईपर्यंत ती मान वर झाली नाही.

त्या आठवड्यात त्यांनी बाहेरच्या खोलीतले सगळे फोटो उतरवले. रामेश्वर, द्वारका, वैष्णोदेवी, पुरी, सगळे पालथे करून माळ्यावर टाकले. भिंतीवर चौकोनी पांढरे डाग राहिले. मोठी आई भिंतीला हात लावत जायची, तिच्या बोटांना खिळे लागले. "भिंत मोकळी काहून झाली?"

"रंग द्यायचा हाय," ते म्हणाले. रंग कधी दिला नाही.

थेंब घालण्याचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं. मोबाईलची घंटी झाली की हातातला घास ठेवून उठत. ती झोपलेली असली तर पायाशी उभे राहत, हलके खाकरत, आणि थेंब टाकण्याआधी सांगत, "उजवा." मग, "डावा." तो आवाज माईकवरचाही नव्हता आणि घरातलाही नव्हता.

आणि एका शनिवारी संध्याकाळी त्यांनी आमच्या खोलीच्या दारात येऊन सांगितलं, "उद्या सकाळी तयार राहा. भंडाऱ्याले जायचं हाय."

आमची गौरी तेव्हा तिसरीत होती. ती म्हणाली, "आजोबा, आपण भंडाऱ्यातच राहतो."

"राहतो. पण गेलो नाही अजून," ते म्हणाले.

गल्लीतला ऑटो सांगून ठेवला होता. मागं मोठी आई, सविता आणि गौरी. पुढं ऑटोवाल्याच्या दोन्ही बाजूंना मोठे बाबूजी आणि मी, अर्धे बाहेर. पहिल्या दिवशी खांबतलाव. गावातले लोक रोज त्याच्या बाजूनं जातात. पण पाण्यात उभ्या असलेल्या खांबाकडे थांबून पाहणारा कोणी नाही. मोठी आईला काठावर उभं केलं. खांब तिच्या बांगडीत यायला थोडा वेळ लागला. मोठे बाबूजी मागून तिचं डोकं दोन्ही हातांनी हळू हळू वळवत होते, रेडिओचं स्टेशन लावावं तसं.

"दिसला?"

"दिसला. कोणं गाडला हा?"

"एक राजा होता," मोठे बाबूजी सुरू झाले. "त्याची राणी तलावात बुडाली. तं त्यानं म्हटलं, पाणी कुठवर हाय ते सगळ्याले समजलं पायजे..."

"कोणता राजा?"

"होता एक."

"कोणं सांगतलं तुमाले?"

ते थांबले. सविता तोंडाला पदर लावून हसत होती. "एका पॅसेंजरनं," ते म्हणाले.

"मंग तो खांब राजानं नाही, पॅसेंजरनंच गाडला असन," मोठी आई म्हणाली. त्या दिवशी आम्ही सगळे खूप हसलो. तलावाकाठी गौरीनं त्यांच्या खिशातले सगळे शिंगाडे संपवले.

मग दर रविवार असाच. पितळेची भांडी ठोकणाऱ्यांची गल्ली, जिथं मोठी आई भट्टीपेक्षा हातोड्यांचा आवाज ऐकत जास्त वेळ उभी राहिली आणि एका गंजाच्या, म्हणजे पातेल्याच्या, पोटावरचे घाव बोटांनी चाचपून म्हणाली, हे पोचे नाही हायेत, हे नक्षीवानी हाय. एक पायऱ्यांची जुनी विहीर, जिच्यात आता कचरा होता. एका पडक्या दरवाजाचा उरलेला अर्धा कमानीचा तुकडा, ज्याला टेकून पानटपरी उभी होती. मला स्वतःला यातलं अर्धं माहीत नव्हतं, आणि मोठ्या बाबूजींना माहीत होतं ते सगळं चूक होतं. पण ते शोधत राहिले. आठवडाभर जुन्या ओळखीच्या लोकांना फोन करत, काही पाहण्यासारखं आहे का विचारत.

एका रविवारी गावाच्या कडेला, चिंचेच्या झाडांखालच्या इंग्रजांच्या काळातल्या कबरी पाहायला गेलो. गवत वाढलेलं होतं. त्यातली एक कबर लहान होती, पाळण्याएवढी. मोठी आई तिच्यापाशी खाली बसली आणि दगडावरच्या अक्षरांवरून बोट फिरवू लागली. अक्षरं झिजली होती. मलाही नाव लागेना. मोठे बाबूजी काहीतरी सांगायला पुढं सरकले. त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं की गोष्ट तयार आहे.

मोठी आईनं विचारलं, "याची माय कुठं असन? इथंच असन का तिकडं आपल्या देशात जाऊन मेली असन?"

ते तिच्या शेजारी गवतात बसले. मग म्हणाले, "माहीत नाही."

त्यांच्या तोंडून हे शब्द मी पहिल्यांदा ऐकले. परत येताना ऑटोत ते माझ्या कानाशी म्हणाले, "तिनं मले सांगतलं होतं न, कडं दिसते म्हणून. मी ऐकलं बी होतं. ऐकलं नसतं तं एक गोष्ट होती."

बाजूनं ट्रक गेला, त्याच्या आवाजात ते वाक्य मी जाऊ दिलं.

उन्हाळा लागला तरी त्यांचे रविवार थांबेनात. मोठी आईचे गुडघे दुखायचे. एकदा तिला ताप होता, तरी ते म्हणाले, बसल्या बसल्या जायचं हाय, चालायचं थोडी हाय. एकदा गौरीची परीक्षा होती म्हणून सविता यायला तयार नव्हती, तर ते दारात नुसते उभे राहिले. ओरडले नाहीत. त्यांचं ते उभं राहणंच असं असायचं की माणूस चपला घालून निघे. घरात सगळ्यांना कळत होतं की हे फिरणं आता फिरणं राहिलेलं नाही. पण त्यांना थांबवायचं म्हणजे कशामुळं चाललंय ते बोलावं लागलं असतं, आणि ते कोणाला बोलायचं नव्हतं.

शेवटी तीच बोलली. ऑटो दाराशी लागला होता. ऊन तापायला सुरुवात झाली होती. मोठे बाबूजी तिच्या चपला सरळ करून तिच्या पायाशी ठेवत होते. ती खाटेवर बसलेली. म्हणाली, "मी नाही येत."

"थोड्या वेळाचं काम हाय. एक जुनी छत्री सापडली हाय, समाधीवरची..."

"अजी, तुमी मले फिरवून नाही राहिले. तुमी आपलं पाप फेडून राहिले. मी काय तुमची गंगा हाव का?"

ते अजून वाकलेलेच होते. एका हातात तिची चप्पल होती.

"साऱ्या दुनियेले विचारत होते तुमी, कुठं जायचं, कुठं जायचं. मले कधी विचारलं? आंधी बी नाही विचारलं अन आता बी नाही. आंधी ठेवून गेले, आता ओढून नेऊन राहिले. एकच झालं न ते."

तिचा आवाज चढला नव्हता. गौरी माझ्या मागं येऊन उभी राहिली. मोठे बाबूजी खाली बसले, जमिनीवरच, चप्पल मांडीवर घेऊन. बाहेर ऑटोवाल्यानं हॉर्न वाजवला, तेव्हा मी जाऊन त्याला थांबायला सांगून आलो. परत आलो तेव्हा ते विचारत होते, अगदी हळू, "मग तुले कुठं जायचं हाय?"

"आज कुठंच नाही," ती म्हणाली. "आज मले झोपू द्या."

ऑटो परत गेला. पुढचे कितीतरी रविवार कोणी कुठं गेलं नाही. मोठे बाबूजी सकाळी आंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून बाहेरच्या खोलीत बसत आणि दुपारी तो सदरा काढून ठेवत. पाऊस येऊन गेला, धान निसवलं. दिवाळीनंतरच्या एका सकाळी ती चहा पिता पिता आपण होऊन म्हणाली, "मले डोंग्यात बसायचं हाय."

डोंगा म्हणजे आमच्याकडची मासे धरायची लहान नाव. मोठ्या बाबूजींच्या तोंडचं पाणी पळालं. हा माणूस रामेश्वरला जाऊन समुद्रात पाय न बुडवता आला होता. तांब्यानं अंगावर पाणी घेऊन पुण्य केलेलं. द्वारकेतही तेच. पाण्याची त्यांना भयंकर धास्ती. उलट मोठी आई लहानपणी माहेरच्या बोडीत, म्हणजे शेतामधल्या तळ्यात, म्हशीच्या शेपटीला धरून पोहायला शिकलेली. हे आम्हाला त्या दिवशी कळलं. तिला कोणी विचारलंच नव्हतं.

"वैनगंगेत?" त्यांनी विचारलं.

"मंग काय टाकीत?"

माझ्या ओळखीचा मोतीराम म्हणून एक ढिवर होता, कारध्याकडच्या घाटावरून जाळं टाकायला जाणारा. त्याला सांगितलं. खाली बांधलेल्या धरणाचं पाणी मागं चढल्यापासून नदी आता बारा महिने भरलेली असते. एकेकाळी हिवाळ्यात वाळूतून चालत जात ते कोणाला सांगून खरं वाटत नाही. डोंग्यात जागा थोडी. सविता आणि गौरी काठावर राहिल्या. मोठी आईनं लुगड्याचा काष्टा खोचला, मोतीरामचा हात धरला आणि डोंगा हलत असताना त्याच्या बरोबर मध्यभागी अशी बसली की जणू रोजचीच जागा. मोठ्या बाबूजींना आत घ्यायला मात्र मला आणि मोतीरामला दोघांना लागावं लागलं. बसल्यावर त्यांनी दोन्ही कडा दोन्ही हातांनी धरल्या.

"हालू नका," मोठी आई म्हणाली. "तुमी नाही हालले तं तो बी नाही हालत."

मोतीरामनं डोंगा मधात नेला. तिथं शहराचा आवाज येत नव्हता. मोठी आईनं एक हात पाण्यात सोडला आणि डोळे मिटून घेतले. पाहायला आली आणि डोळे मिटून बसली, असं माझ्या मनात आलं. तिच्या बोटांमागं पाण्यात रेघ उमटत होती.

मोठे बाबूजी एकदम म्हणाले, "पुरीले जायच्या आंधी तुले दवाखान्यात न्यायले पायजे होतं."

मोतीरामनं वल्हं थांबवलं नाही, पण तो दुसरीकडे पाहू लागला. मीही.

मोठी आई म्हणाली, "हो. न्यायले पायजे होतं."

ते वाट पाहत होते. अशा वेळी आमच्या घरातल्या बाया जे म्हणतात ते ती म्हणेल, याची. जाऊ द्या, माझ्या नशिबातच होतं, तुमचा काय दोष. ती त्यातलं काहीच म्हणाली नाही. पाण्यातला हात तसाच ठेवून म्हणाली, "मी रागात नाही हाव. पण झालंच नाही असं बी म्हणणार नाही. तेवढं मले म्हणायले लावू नका."

"नाही लावत," ते म्हणाले. कडेवरचा एक हात सुटला होता, हे त्यांच्या लक्षात आलं नव्हतं.

"आता सांगा, तिकडं काय दिसते? खरं सांगजा. पॅसेंजरचं नको."

त्यांनी पाहिलं. मी त्यांना इतकं सावकाश काही पाहताना कधी पाहिलं नव्हतं. "पूल हाय," ते म्हणाले. "जुना. कठड्यावर कोणी तरी कपडा वाळत टाकला हाय. खाली एक बगळा उभा हाय. नाही, दोन हायेत. काठाले कचरा लागला हाय, पिशव्या. अन हिरवं हिरवं वाढलं हाय पाण्यावर. तीन बाया धुणं धुऊन राहिल्या. एकीचं लुगडं पिवळं हाय."

"अजून?"

"अजून सविता बसली हाय पायरीवर. गौरी हात हालवून राहिली तुले."

"ते आंधी नाही का सांगाचं?" मोठी आईनं घाईनं ओला हात वर केला आणि भलत्याच दिशेला हलवू लागली. मोठ्या बाबूजींनी उरलेला हातही सोडला, पुढं झुकले, आणि तिचं मनगट धरून काठाकडे वळवलं. डोंगा चांगलाच डोलला. ते घाबरले असतील, पण त्यांनी मनगट सोडलं नाही.

यानंतर सगळं ठीक झालं, असं मी म्हणणार नाही. ते फोटो माळ्यावरून परत आले नाहीत. मित्रांनी एकदा काशीला चलण्याचा आग्रह केला तर ते नुसतं नाही म्हणाले, कारणही सांगितलं नाही. तिची नजर कमी होत होत पुढच्या वर्षी गेली, एका सकाळी "उजवा" म्हणून त्यांनी थेंब टाकला आणि ती म्हणाली, "आता हे राहू द्या." ते तरी टाकत राहिले. डॉक्टरांनी थांबवायला सांगितलं नव्हतं, असं म्हणायचे. रविवारी ते तिला विचारत, "कुठं जायचं?" ती कधी नदीचं नाव घ्यायची, कधी भांडी ठोकणाऱ्यांच्या गल्लीचं. बहुतेक वेळा म्हणायची, कुठंच नाही, इथंच बसा. मग ते इथंच बसत. बसणं त्यांना फिरण्यापेक्षा जड जायचं, हे दिसायचं.

गेल्या चैत्रात ते गेले. झोपेत, कोणाला काही न सांगता. मोठी आई आता आमच्यातच जेवते, बाकी सगळं आपलं आपण करते. काठी घेऊन देवळात जाते, किराणा दुकानात जाते, दुकानदाराशी तुरीच्या डाळीवरून भांडते.

माझ्या डोळ्यांसमोर मोठे बाबूजी राहिलेत ते जाण्याच्या थोडे दिवस आधीचे. मी शहापूरच्या शाळेत शिकवतो. सकाळी मोटरसायकल काढून गल्लीच्या तोंडाशी आलो, तर समोरून दोघं जात होती. मोठी आई पुढं, काठी टेकत. मोठे बाबूजी मागं, तिच्या खांद्यावर एक हात ठेवून, दुसरा हात भिंतीला लावून. त्यांचे डोळे घट्ट मिटलेले होते. मला वाटलं चक्कर आली. गाडी बंद करून धावत गेलो.

"मोठे बाबूजी, काय झालं? डोळे काहून मिटले?"

"काही नाही झालं," ते म्हणाले. डोळे उघडले नाहीत. "ही रोज कशी जाते ते पाहाचं हाय मले."

दुकानाच्या फळीवर बसलेली माणसं त्यांच्याकडे पाहत होती. एकजण हसलाही. मोठी आई म्हणाली, "सांगून राहिली मी ह्यायले, लोक पाहत असतीन म्हणून. ऐकतच नाही." पण तिनं त्यांचा हात खांद्यावरून काढला नव्हता. "चला. इथं नाली हाय. पाय मोठा टाका."

त्यांनी पाय फारच उंच उचलला, हवेत धरला, आणि खाली कुठं टेकवावा ते न कळून तसाच धरून ठेवला. धोतराचा सोगा नालीवर लोंबत होता. मी पुढं झालो, तशी मोठी आई न वळता म्हणाली, "तू जा शाळेत. त्यायले टाकू दे पाय."